चंद्रीचे वाटे

खरवईच्या नाक्यावर चंद्रीची टोपली उतरली की आसपासच्या बिल्डिंगांतल्या बायका पिशव्या घेऊन खाली यायच्या. मे सरता सरता रानातली शेवळं, मग टाकळा, कुड्याची फुलं, कंटोली आणि दसऱ्याला आपट्याच्या फांद्या. सगळं वाट्यावर. बाकीच्या भाजीवाल्यांपुढे गिऱ्हाईक घासाघीस करायचं, हा वाटा मोठा की तो, ह्यातलं चार काढ नि त्यात टाक. चंद्रीपुढे कोणी तसं करत नसे. तिचे वाटे इतके सारखे असत की डोळे मिटून कुठलाही उचलावा. शेवळांच्या प्रत्येक वाट्यावर खाज मारायला काकडाची आंबट फळं ठेवलेली, तीही सगळ्यांवर सारखीच. एका चौकस बाईने एकदा दोन वाटे घरी नेऊन काट्यावर तोलून पाहिले, ते जराही कमीजास्त भरले नाहीत, आणि नंतर कितीतरी दिवस तिला चंद्रीच्या तोंडाकडे बघवेना.

ही सवय वाडीची. बारवी धरणाच्या मागच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर चंद्रीची वाडी होती. तिथे कोणी पाण्यात जाळं टाकून मासळी आणली, कोणी कड्यावरून मध काढला, तर तो आणणाऱ्याचा नसे. अंगणात पळसाची पानं मांडायची आणि दर चुलीमागे एक वाटा घालायचा. म्हातारीच्या एकट्या चुलीचाही आणि जो कामाला बाहेरगावी गेलाय त्याचाही. त्याचा वाटा सुकवून, टांगून ठेवायचा. वाटे घालणारं माणूस मात्र ठरलेलं असे, आणि त्याने स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी, जो उरेल तो उचलायचा. चंद्रीची सासू विठा पूर्वी वाटे घालायची. तिच्या डोळ्यांत फूल पडलं तेव्हा तिने सगळ्यांसमोर सुनेचा हात धरून तिला पानांपुढे बसवलं. त्या दिवसाइतका मान चंद्रीला लग्नातही मिळाला नव्हता.

तिचा नवरा वाळू पालेगावला नव्या इमारतींवर बिगारीकाम करायचा. अंगाने काटक, तोंडाने थट्टेखोर. टोपलीतली भाजी संपली नाही की म्हणायचा, उरलेल्या वाट्याशी लगीन लाव. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात तो खोकायला लागला. आधी सिमेंटच्या धुळीचा खोकला म्हणून सोडून दिला, मग दुकानातलं लाल औषध झालं, मग रात्री घामाने गोधडी भिजायला लागली. चंद्रीच्या गिऱ्हाइकांतल्या एकीने हे ऐकलं आणि सरळ सांगितलं, उद्या त्याला घेऊन खाली ये आणि शरदचंद्र दवाखान्यात दाखव.

शरदचंद्र दवाखाना हा एका जुन्या ट्रस्टचा. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि पडवीत लाकडी बाकं. बाकांच्या एका रांगेमागच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठा फलक रंगवलेला होता. डाव्या बाजूला रुग्णांचे हक्क, उजव्या बाजूला रुग्णांच्या जबाबदाऱ्या. तो फलक बहुतेकांनी कधी वाचला नव्हता. ज्यांना वाचता येत होतं ते त्याला पाठ टेकून बसत आणि समोर बसणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नसे.

म्हणून यशोधराबाई तो वाचून दाखवत. यशोधराबाई दवाखान्यातल्या आरोग्यसेविका, अंबरनाथच्या. वडील काडेपेटीच्या कारखान्यात कामगार होते. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा घरातले देव बाहेर निघाले आणि त्या जागी पुस्तकांची फळी आली, हे त्या अभिमानाने सांगत. भिंतीवर लिहिलेली गोष्ट ज्याच्यासाठी लिहिलीय त्याच्यापर्यंत पोचली नाही तर रंग फुकट गेला, असं त्यांचं म्हणणं. नवा पेशंट आला की त्या पट्टी घेऊन फलकापाशी उभ्या राहत आणि एकेक ओळ वाचून, सोपी करून सांगत.

वाळूच्या थुंकीत क्षय निघाला त्या दिवशी चंद्री त्याच्याशेजारी बाकावर बसून ऐकत होती. तुम्हाला मानाने वागवून घ्यायचा हक्क आहे, म्हणाल्या यशोधराबाई. आपल्याला काय झालंय ते समजून घ्यायचा हक्क आहे. कळलं नाही तर प्रश्न विचारायचा हक्क आहे.

चंद्री पदर तोंडाला लावून हसली. यशोधराबाईंनी विचारलं काय झालं. तेव्हा ती म्हणाली, हक्क हा शब्द तिने आजवर दोनदाच ऐकला होता, एकदा धरणाच्या साहेबाकडून आणि एकदा जंगलच्या गार्डाकडून, आणि दोन्ही वेळा पुढचा शब्द नाय असाच होता.

यशोधराबाईही हसल्या. मग उजवीकडची बाजू वाचली. खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. औषध मधे सोडायचं नाही. बरं वाटलं तरी शेवटच्या गोळीपर्यंत घ्यायचं. रिकाम्या पट्ट्या परत आणून दाखवायच्या. घरात आणखी कोणी खोकतंय का, हेही त्यांनी विचारलं. कोणी खोकत नव्हतं. वाळूचा धाकटा भाऊ कोंडाजी तेव्हा वांगणीकडे वीटभट्टीवर होता.

मग त्यांनी कपाटातून एक खोका काढला. पूर्ण कोर्सच्या गोळ्या त्यात होत्या आणि वर वाळूचं नाव लिहिलं होतं. आता हा खोका तुझा, दुसऱ्या कोणाला ह्यातली गोळी मिळणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांना म्हणायचं होतं की औषध संपेल ही काळजी करू नकोस. वाळूने ते ऐकलं आणि त्याला अवघडल्यासारखं झालं. नुसत्या आपल्या एकट्याच्या नावाची वस्तू त्याच्याकडे आजवर एकही नव्हती.

सुरुवातीचे महिने दिवसाआड खाली यायचं आणि यशोधराबाईंसमोर मूठभर गोळ्या गिळायच्या, असा नेम होता. वाळू एकही फेरी चुकला नाही. कधी चंद्रीच्या टोपलीबरोबर, कधी दुधाच्या टेम्पोत, कधी पायी. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची तेव्हा घाबरला, मग त्याचीच थट्टा करायला लागला. घाम थांबला, भूक आली. एक दिवस भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी मागून घेतली आणि विठाने आंधळ्या डोळ्यांनी त्याचं जेवण ऐकलं. म्हातारी म्हणाली, आज माझा पोर चावतोय.

थुंकी स्वच्छ आली. डॉक्टर गुरुदत्त तसे कमी बोलणारे, पण त्यांनीही वाळूच्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या टप्प्यात आठवड्याची पट्टी घरी न्यायची सवलत होती. पहिला डोस दवाखान्यात, उरलेले घरी आणि पुढच्या खेपेला रिकामी पट्टी दाखवायची. पट्टी रिकामी म्हणजे औषध पोटात गेलं, असा हिशेब. दवाखान्याने तो शहरातल्या माणसांवरून बसवलेला होता. शहरातलं माणूस गोळी गटारात टाकेल, विसरेल, शेजाऱ्याला विकेल. वाडी कशी वागते ते त्या हिशेबात नव्हतं.

भट्टीचा हंगाम संपला आणि कोंडाजी परत आला. गाल बसलेले, बरगड्या दिसणाऱ्या. वाळूसारखाच खोकत होता. चंद्रीने त्याला खाली यायला सांगितलं, वाळूने सांगितलं. तो ऐकेना. मागे एकदा ताप आला तेव्हा भट्टीच्या मुकादमाने त्याला कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या माणसाने सगळ्यांदेखत त्याला लांब उभं केलं, आंघोळ करून येत जा म्हणाला आणि नाव धड सांगता आलं नाही म्हणून त्याचीच नक्कल करून दाखवली. कोंडाजीने तेव्हापासून ठरवलं होतं, मेलो तर वाडीत मरीन. इकडे मानाने वागवतात, बाई वाचून दाखवतात, हे चंद्रीने परोपरीने सांगितलं. तो म्हणाला, तुला टोपली हाय वयनी, तुला वागवतात.

त्या संध्याकाळी वाळू पट्टी हातात घेऊन बसला होता. कोंडाजी ओट्यावर खोकत होता. विठा मधे बसलेली.

"काय रं," म्हातारी म्हणाली, "भाव खोकतोय आन तू एकटाच खातोस?"

तिच्या आवाजात राग नव्हता. अंगणात मासळी असताना एखाद्याने आतल्या खोलीत बसून जेवावं आणि त्याला कोणीतरी हळूच आठवण द्यावी, तसं ते होतं. वाळूने पट्टी चंद्रीपुढे धरली. चंद्रीने पळसाची दोन पानं घेतली. गोळ्या काढल्या, रंग बघून जुळवल्या. लाल गोळीला जोड नव्हता तिथे ती सुरीने मधोमध कापली, भुकटीसुद्धा बोटाने सारखी केली. एक पान दिराला, एक नवऱ्याला. तिला एकदा वाटलं की बाईंना विचारावं. पण विचारायचं काय? वाटून खावं की नाही, हा वाडीत प्रश्नच नव्हता. बाईंनी खोका वाळूचा म्हणून सांगितला, आणि वाळूचा म्हणजे घराचा. औषध सोडू नका म्हणाल्या, ते तर एक दिवसही सुटणार नव्हतं.

ते खरंच सुटलं नाही. दर आठवड्याला रिकामी पट्टी चंद्री नीट पदराच्या गाठीत बांधून आणायची. यशोधराबाई ती बघायच्या, शाबास म्हणायच्या. एकदा त्यांनी पडवीतल्या बाकी पेशंटांना चंद्रीकडे बोट करून सांगितलं, बघा, डोंगरावरून येते पण एक गोळी चुकवत नाही. चंद्री लाजली. घरी जाऊन तिने हे वाळूला सांगितलं, आणि वाळू म्हणाला, आता नाक्यावर गोळ्यांचे वाटे लाव.

पावसात वाळूचा खोकला परत आला.

या वेळी थुंकीत रक्ताचा धागा होता. तपासणीत क्षय परत निघाला, आधीपेक्षा जोरात. डॉक्टर गुरुदत्तांनी दोघांना आत बसवलं आणि नेहमीपेक्षा जास्त बोलले. गोळ्या चुकल्या का? वाळू नाही म्हणाला. उरल्या का? "काय उरला नाय," चंद्री म्हणाली. दारू? नाही. डॉक्टरांनी पेन टेबलावर टाकलं. रिकाम्या पट्ट्या सगळ्या जमा होत्या, माणूस मात्र खोटं बोलतोय असं त्यांना वाटत होतं आणि तसं बोलून दाखवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. यशोधराबाईंनी बाहेर आल्यावर चंद्रीला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं, हळू आवाजात, चंद्राताई, फेकल्या नाहीत ना? चंद्रीने नाही म्हणून मान हलवली. जे जे विचारलं त्याची तिने खरी उत्तरं दिली होती.

नवा खोका आला, इंजेक्शनं आली. पण वाळूला आता चढ उतरवेना, म्हणून गोळ्यांचा खोका यशोधराबाईंनी घरी दिला. इंजेक्शनासाठी चंद्री त्याला पाठीवर घेऊन टेम्पोपर्यंत आणायची, टोपली मागे राहायची. नाक्यावरच्या बायका विचारायच्या, चंद्री हल्ली दिसत नाही. कुड्याची फुलं येऊन गेली, कंटोली आली आणि गेली. गणपती झाल्यावर एका सकाळी वाळूला रक्ताची उलटी झाली. टेम्पो यायच्या आत, ओट्यावर, चंद्रीच्या मांडीवर तो गेला. शेवटी थट्टाही केली नाही.

दिवसकार्य झाल्यावर यशोधराबाई वाडीवर आल्या. चढून येताना त्यांना दम लागला होता. चपला हातात होत्या. पेशंट गेला की उरलेला खोका परत न्यायचा असतो, पण त्या काही तेवढ्यासाठी आल्या नव्हत्या. विठापाशी बसल्या, तिचा हात हातात घेतला. मग उठून चंद्रीच्या मागे चुलीकडे गेल्या. कोनाड्यात खोका होता, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी. त्यांनी तो काढायला हात लांबवला तेव्हा चंद्री म्हणाली, तो ठेवा बाई, कोंडाजीचा व्हायचाय.

"कोंडाजीचा कसा?" यशोधराबाई म्हणाल्या. "त्याला तपासायला नको?"

"आधीपास्नं खातोय ना तो. अर्धा ह्यांचा, अर्धा त्याचा. मी सारखा वाटला, बाई. कमीजास्ती कोणाचा झाला नाय."

यशोधराबाई चुलीपाशी खाली बसल्या. बाहेर ओट्यावर कोंडाजी खोकत होता, आणि आता त्या खोकल्याला अर्थ आला होता. चंद्रीला त्यांच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं, पुरतं नाही, पण पायाखालची माती सरकावी इतकं. मग यशोधराबाईंनी सांगितलं. अर्ध्या औषधाने रोग मरत नाही, तो मार खाऊन शहाणा होतो, आणि पुढच्या वेळी पूर्ण औषधालाही दाद देत नाही. हे सगळं त्यांनी अगदी खालच्या आवाजात सांगितलं, म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून.

चंद्री रडली नाही. तिने एकच विचारलं.

"तुमी भिंतीवरचा वाचला, त्यात हे होता?"

"नव्हतं," यशोधराबाई म्हणाल्या. "आणि मीही कधी सांगितलं नाही."

कोंडाजी खाली यायला तयार झाला तो भावाच्या मरणाने भेदरून. पडवीत तो फलकाच्या अगदी खाली बसला, दाराकडे तोंड करून, कोणी हाकललं तर उठायला सोपं जावं असा. कोणी हाकललं नाही. डॉक्टर गुरुदत्तांनी त्याचं नाव विचारलं, त्याने ते अडखळत सांगितलं आणि डॉक्टरांनी ते तसंच लिहून घेतलं. थुंकीत क्षय होताच. आधी घेतलेल्या अर्धवट औषधाबद्दल यशोधराबाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं होतं. ते सांगण्याआधी चंद्रीकडे त्यांनी परवानगी मागितली होती, आणि चंद्रीने दिली होती. मात्र तिने एक विनवणी केली होती, म्हातारीला हे कळू देऊ नका. भावाला दे, हे तिचंच बोलणं होतं. हे ऐकून ती पाणीही गिळणार नाही.

यशोधराबाईंनी कोंडाजीला फलक वाचून दाखवला. या वेळी उजवीकडच्या शेवटच्या ओळीनंतर त्या थांबल्या नाहीत. भिंतीवर नसलेलंही त्यांनी सांगितलं. हे औषध ज्याचं त्यानेच संपूर्ण घ्यायचं, आईलाही द्यायचं नाही, लेकरालाही नाही. अर्धं घेतलं तर ते दोघांनाही वाचवत नाही.

कोंडाजी ऐकत होता. वीटभट्टीवर भाजलेल्या त्याच्या बोटांनी बाकाची कड घट्ट धरली होती. त्याने आधी यशोधराबाईंकडे पाहिलं, मग चंद्रीकडे.

"प्रश्न विचारू देतात म्हणाली ना तुमी," तो म्हणाला. "मंग दादा त्याच्यानंच गेला?"

यशोधराबाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर देण्याआधी त्यांची नजर चंद्रीकडे गेली. खरं समजून घ्यायचा हक्क त्याचा होता, तो त्यांनीच आत्ता वाचून दाखवला होता.

"व्हय," चंद्री म्हणाली. "पण वाटे मी घातले, कोंडा. तू तुज्या पानावरचा खाल्लास. जेवणाऱ्याला कोणी जाब इचारत नाय."

यशोधराबाईंनी त्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या, सगळ्या. त्याने एकेक करून गिळल्या. एक गोळी घशात अडकली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. चंद्री शेवटची गोळी खाली जाईपर्यंत त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. नंतर प्रत्येक खेपेला ती तशीच बघत राहिली. इंजेक्शनं, गोळ्या, सगळं धरून कोंडाजीला बरं व्हायला फार वेळ लागला, आणि तो झाला तेही एका फुप्फुसावर, चढ चढताना मधे मधे बसणारा असा.

पण तोपर्यंत घरात वेगळंच घडलं होतं. विठालाही म्हातारपणाचा खोकला होता. कोंडाजीची पहिली पट्टी घरी आली तेव्हा तिने हात पुढे केला, माझाही थोडा दे म्हणाली. चंद्रीने पट्टी कोनाड्यात वर ठेवली आणि म्हणाली, उद्या तुला खाली नेते, तुझा तुला मिळेल. म्हातारीचा हात तसाच पुढे राहिला. आंधळ्या माणसाला रिकामा हात कुठे ठेवावा ते लवकर कळत नाही.

"वाळू होता तवा तू अशी नव्हतीस," ती म्हणाली. आणि त्यानंतर सुनेशी कामापुरतंच बोलायला लागली.

चंद्रीने तिला खाली नेलं, तपासून घेतलं. क्षय नव्हता, साधा खोकला होता, त्याचं औषध मिळालं. म्हातारीने ते घेतलं, पण चंद्री तिच्या मनातून उतरली ती उतरलीच. बायांमध्ये बोलता बोलता तिने ते चारचौघींना सांगितलं आणि वाडीत हळूहळू पसरलं की नवरा गेल्यापासून चंद्रीचा हात आखडलाय, घरच्या माणसालाही वाटा देत नाही. चंद्रीच्या कानावर ते आलं. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. ते वाक्य म्हातारीच्या माथी बसलं असतं, म्हणून तिने ते सांगितलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कोणीतरी कड्यावरचं मोठं पोळं काढून आणलं. अंगणात पानं मांडली गेली. पूर्वीसारखं कोणी चंद्रीला हाक मारली नाही. शेजारची एक नवी सून पानांपुढे बसली. वाटे लहानमोठे झाले, थोडी कुरकुर झाली. चंद्री लांब जांभळाखाली उभी होती. सगळ्यांनी आपापलं उचललं तेव्हा ती पुढे गेली, कडेला राहिलेलं पान उचललं, त्यातला बरा तुकडा कोंडाजीला दिला आणि बाकीचा म्हातारीपुढे नेऊन ठेवला.

शेवळांच्या दिवसांत ती पुन्हा नाक्यावर दिसायला लागली. वाटे तसेच सारखे होते. फक्त आता ती एखादीच्या पिशवीत वाटा घालताना क्षणभर थांबायची, पुन्हा बघायची. बायकांना वाटायचं, विधवा झाल्यापासून हिचा डोळा कमी झाला.